मुळांवरच्या गाठी, आईकडची माती

नात्यात मला जंतवाली म्हणतात. लग्नाकार्यात कुणी नवीन भेटलं की ओळख करून देणारा आधी हसतो आणि मग सांगतो, ‘ही अकोल्याला जंतांवर संशोधन करते.’ समोरच्याच्या हातातली जिलबी तिथेच थांबते. मला त्याचं काही वाटत नाही. उलट कुणी चुकून पुढचा प्रश्न विचारलाच तर मी त्याला सोडत नाही. माझे जंत पोटातले नाहीत, झाडांच्या मुळांतले आहेत. शेतीच्या पुस्तकांत त्यांना सूत्रकृमी म्हणतात. पण घराणं तेच. माणसाच्या आतड्यातला, शेळीच्या पोटातला आणि वांग्याच्या मुळातला, हे सगळे गोलकृमी, एकमेकांचे लांबचे चुलतभाऊ. खरं तर चुलतबहिणी म्हणायला हवं, कारण मी ज्यांच्यावर काम करते त्यांच्यात सगळा कारभार बायकांचा आहे.

ही बाई लहानपणी केसाहून बारीक असते. मातीच्या ओलीतून वळवळत मुळापाशी येते, आत शिरते आणि एक जागा धरून बसते. मग ती झाडाच्या पेशींना काय पटवते कोण जाणे, पण झाड तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक रांधायला लागतं. मूळ तिच्याभोवती सुजतं, गाठ धरतं. पुढे आयुष्यभर ती तिथून हलत नाही. गाठ सुईने उकलली की सूक्ष्मदर्शकाखाली एक पांढरी, मानेकडे निमुळती, पोटाला गोल मादी दिसते, ओल्या मोत्यासारखी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी ‘अगं बाई’ म्हणाले होते. अजूनही मनातल्या मनात म्हणते. ती पिकाचं वाटोळं करते हे मला माहीत आहे, मी भाजीवाल्यांचीच मुलगी आहे. पण इतकी सफाईदार चोरी पाहिली की चोराला दाद द्यावीशी वाटतेच.

माझा खरा जीव मात्र जडला तो तिच्या आतल्या एका कड्यावर. प्रत्येक प्राण्याच्या पेशीत मायटोकाँड्रिया असतात, म्हणजे अन्नातून ताकद काढणाऱ्या बारक्या चुली. पेशीचा मोठा डीएनए वेगळा आणि या चुलींचा स्वतःचा वेगळा, छोटासा, बांगडीसारखा गोल. तो बापाकडून येत नाही, आईकडून येतो. तुमच्यात आहे तो तुमच्या आईचा, तिच्यात तिच्या आईचा. बहुतेक प्राण्यांच्या या कड्यात सदतीस जनुकं असतात. इतक्या कमी सामानातूनही गोलकृमींनी बहुतेक ठिकाणी एक काढून टाकलं. प्रथिनं बांधताना माल वाहून आणणारे जे रेणू असतात त्यांना इतरांकडे दोन बाजूंना दोन हात असतात. यांनी एक छाटला. काहींनी तर काही रेणूंचे दोन्ही छाटले, आणि काम चालूच ठेवलं. काही घराण्यांत जनुकांची मांडणी युगानुयुगं जशीच्या तशी राहिली, काहींनी ती पार उलटीपालटी केली. बटाट्याच्या मुळातल्या एका कृमीने अख्खं कडं मोडून त्याची लहान लहान कडी करून टाकली. माझ्या गाठवाल्या बाईने मात्र जागा वाढवली, एकच तुकडा पुन्हा पुन्हा येणारे लांबलचक पट्टे कड्यात घालून ठेवले. दोन ठरावीक जनुकांच्या मधली जागा तिच्या प्रत्येक जातीत वेगळ्या लांबीची असते, तेवढी मोजली तरी पुष्कळदा जात कळते. हे शिकवताना माझा आवाज चढतो आणि मुलं एकमेकांकडे बघून हसतात. हसोत बापडी.

आमचं शेत अमरावतीहून रिद्धपूरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आहे. बाबा बाजार सांभाळतात आणि आई रोपं. वांगी, टोमॅटो, मिरची, कोबी, झेंडू, शेवंती. तिच्या हातचं रोप जगतं अशी पंचक्रोशीत ख्याती आहे आणि ती ख्याती ती पदरासारखी सावरून असते. रोप देताना ती मुळं कधी मोकळी करत नाही. प्रत्येक रोपाखाली मुठीएवढी माती राहू देते, ओल्या पोत्यात गुंडाळते, आणि घरचं माणूस असेल तर वरून आणखी घमेलंभर माती बांधून देते. ‘आपली माती संग असली का रोप रुसत नाही,’ हे तिचं ठरलेलं. आमच्या घरातल्या लेकींनी सासरी जाताना माती न्यायची ही जुनी रीत आहे. ताई लग्न होऊन बार्शीटाकळीला गेली तेव्हा पाठवणीच्या गाडीत दागिन्यांच्या पिशवीशेजारी मातीचं पोतं होतं. पुढेही दर खेपेला वांग्याची रोपं, मोगऱ्याचं झुडूप, झेंडू, सगळं मातीसकट तिकडे जात राहिलं.

ताईच्या सासरी काळी जमीन आहे, पिढ्यानपिढ्यांची. कापूस, तूर, सोयाबीन. काही वर्षांपूर्वी त्यांनी चढावरच्या, पाणी न धरणाऱ्या तुकड्यात पेरू लावला. बाग पहिल्या वर्षापासून अशी तरारली की ताई फोनवर पेरूंशिवाय दुसरं बोलत नसे. सासूबाई तर संध्याकाळी बागेत खुर्ची टाकून बसत. मग फळं धरायच्या वयाला आलेली झाडं एकेक करून पिवळी पडायला लागली. पानं तांबूस झाली, गळली, झाड वाळलं. एक झाड उपटून पाहिलं तर मुळांवर गाठीच गाठी, आल्याच्या कांड्यासारख्या. सासूबाई हुशार बाई. त्यांनी अंगणाकडेच्या ओळीतलं वांग्याचं एक झाड उपटलं. तिथेही गाठी. आणि वांगी आली होती आमच्याकडून.

आई त्याच सुमारास ताईला भेटायला गेली होती. ओसरीवर सासूबाईंनी दोन्ही मुळं तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, ‘तुमच्या मातीनं आमची बाग खाल्ली, ईनबाई.’ बस, एवढंच. आवाज चढवला नाही, शिव्या दिल्या नाहीत. तोंडावर बोलणारी माणसं आहेत आमच्याकडची, मनात ठेवत नाहीत. पण तोंडावर बोललेलं कधीकधी जास्त लागतं. आई चहा न घेता उठली.

येताना तिने मला अकोल्याच्या स्टँडवर बोलावून घेतलं. बाकड्यावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी शेजारी बसले तशी तिने पिशवीतून ती दोन मुळं काढली, पेपरात गुंडाळलेली.

‘तू याच्यावरच काम करून राहिली नं?’ ती म्हणाली. ‘मंग पाह्य. माह्या मातीनं मारली का बाग, तेवढं सांग.’

‘आई, अशा गाठी कशाने पण होतात. आपल्याकडे सगळीकडे आहेत.’

‘सगळीकडचं मले नको सांगू. माह्यं सांग.’

त्या दिवसापासून तिने रोपं देणं बंद केलं. ऐन लावणीच्या दिवसांत माणसं यायची आणि रिकाम्या हाताने जायची. बाबा चिडले, शेजारी कुजबुजले, ती ढिम्म हलली नाही. आणि ताईचं माहेरी येणं थांबलं. सणाला नाही, बहिणीच्या, म्हणजे माझ्या, वाढदिवसाला नाही. फोन केला तर कामात आहे, नंतर करते. मला सासूबाईंचा फार राग आला. त्यांनीच अडवलं असणार, दुसरं काय? आई मात्र दर फोननंतर रिकाम्या वाफ्यांपाशी जाऊन बसायची, आणि तिचं ते बसणं मला बघवत नव्हतं. बाग गेली तर दुसरं पीक घेता येतं. लेक तुटली तर काय करायचं?

आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना मी सगळं सांगितलं. मॅडम म्हणजे कृमींच्या बाबतीत सासूबाईंच्याही वरताण. त्या आधी पोटभर ओरडल्या, की स्टँडवरच्या पिशवीतल्या मुळांवर कोणी निकाल देतं का. मग म्हणाल्या, नीट नमुने आण. बागेतल्या वाळलेल्या झाडांचे, तगलेल्या झाडांचे, अंगणातल्या वांग्यांचे, तुझ्या आईच्या वाफ्यांचे. मी बार्शीटाकळीला गेले. ताईने दार उघडलं, पाणी दिलं, बागेत सोबत आली, पण माझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. मी खणत होते आणि ती बाजूला उभी राहून पदराचं टोक पिळत होती. मला वाटलं, सासूबाई खिडकीतून बघताहेत म्हणून. सासूबाईंनी जाताना डबा भरून दिला, मी तो घुश्शातच घेतला.

नमुने आणल्यावर मॅडमनी सगळ्या डब्या माझ्यासमोरून उचलल्या, आत नेल्या, आणि परत आणल्या तेव्हा मी लिहिलेली नावं पुसून त्यांवर नुसते आकडे होते. कुठला आकडा कुठल्या शेताचा हे त्यांच्यापाशी.

‘घरचं प्रकरण आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तुला कळलं ही डबी आईची, तर तुझा हात थरथरेल. हात थरथरला की मादी फुटते.’

मादी फुटते हे त्यांनी उगाच जोडलं होतं. त्यांना वेगळंच म्हणायचं होतं, ते मला कळलं. मी या बाईंना पुष्कळदा शिव्या घातल्या आहेत मनात, पण त्या दिवशी त्यांचे पाय धरावेसे वाटले.

मग मी कामाला लागले. मुळं धुवायची, गाठ उकलायची, सुईच्या टोकावर मादी उचलायची. एकेका मादीच्या डीएनएतून त्या दोन जनुकांमधली जागा वाढवून घ्यायची आणि जेलीच्या पातळ वडीतून विजेच्या जोरावर पळवायची. लांब तुकडा जड, तो मागे राहतो. आखूड तुकडा पुढे पळतो. शेवटी निळसर उजेडात पट्टे दिसतात. मी ते पाहिले आणि खुर्चीत बसले. काही डब्यांचे पट्टे वर, एका ओळीत. काहींचे पार खाली. मधलं काहीच नाही. एवढीशी ती बाई, डोळ्याला न दिसणारी. तिच्या कुठल्यातरी जुन्या आजीने आपल्या कड्यातली जागा आखडून घेतली आणि तिच्या लेकींनी ती तशीच सांभाळली. म्हणून मला आज माझ्या आईबद्दल काही कळणार होतं. मी खरंच त्यांच्यासमोर हात जोडले असते, पण मॅडम मागे उभ्या होत्या.

मॅडमनी आकडे उघडले. खाली पळालेले सगळे पट्टे पेरूचे होते. वर थांबलेले दोन ठिकाणचे: आईचे वाफे आणि ताईच्या अंगणातली वांगी. पेरूतली जात आईच्या एकाही वाफ्यात नव्हती. ती जात पेरूला विशेष लागणारी, आणि बागेत अगदी न वाळलेल्या झाडाच्या मूळच्या मातीच्या गड्ड्यातही, म्हणजे ज्या मातीत कलम आलं त्या मातीतही होती. कलमं लांबच्या एका रोपवाटिकेतून ट्रकने आली होती. मी उठून मॅडमना मिठीच मारली. त्यांनी मला बाजूला केलं.

‘पुढचं ऐक. पेरू तुझ्या आईने मारला नाही, हे ठामपणे सांग. वांग्यातली जात आणि तिच्या वाफ्यातली जात एकच आहे. पण ती जात इथे घरोघर आहे आणि तिच्या कड्यांत फरक शोधून सापडत नाही. तुझ्या आईकडूनच गेली असं म्हणता येत नाही. नाही गेली असंही म्हणता येत नाही. दोन्ही सांग. अर्धं सांगू नकोस.’

मी त्या शनिवारी घरी गेले. आई रिकाम्या वाफ्यांच्या कडेला, धुऱ्यावर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, पट्ट्यांचा मोबाईलवरचा फोटोही दाखवला. कडं आईकडून येतं म्हटल्यावर तिने विचारलं, ‘आन बाप?’ मी सांगितलं, की या जातीत बापाची गरजच लागत नाही. नर क्वचित निघतात, गर्दी झाली, खायला कमी पडलं की. ती म्हणाली, ‘आपल्याकडं उलटं हाय, जेवायच्या टायमाले निघतात.’ बाबा गोठ्यातून खोकले. किती दिवसांनी ती हसली होती. मला वाटलं, झालं, संपलं.

‘मग आता ताईकडे फोन लाव,’ मी म्हटलं. ‘त्यांना सांग, तुझं नाव सुटलं.’

‘आन वांग्यातली?’

‘ती तुझीच असं सिद्ध होत नाही.’

‘सिद्ध नसन होत. पण रोपं म्याच देली नं. बांधून देली.’ ती उठली, हात झटकले. ‘उद्या जाऊ आपण. फोनवर नाही सांगत मी.’

‘अगं पण तू तिथे जाऊन हे कशाला सांगतेस? पेरू तू मारला नाहीस, बस की. जिने तुला बोल लावला तिच्याच दारात जाऊन कबुली द्यायची?’

मी चांगलीच तडकले होते. आईने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी ती न उगवलेल्या वाफ्याकडे पाहते.

‘माह्या नावाचं काय घेऊन बसली?’ ती म्हणाली. ‘तुले समजत नाही, तुले पोरगी नाही.’

दुसऱ्या दिवशी आम्ही बार्शीटाकळीला पोचलो तेव्हा सासूबाई ओसरीवर तुरी पाखडत होत्या. पेरूचा निकाल मी रात्रीच ताईला फोनवर सांगून टाकला होता, तो त्यांच्यापर्यंत पोचलेला दिसला. आईला पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पाठ ताठ केली. आता चार शब्द ऐकावे लागणार, अशा तयारीने बसल्या त्या. ताई दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली.

आई खाली बसली नाही. ‘पेरू माह्या मातीनं नाही मेला,’ ती म्हणाली. ‘तुमाले पोरीनं सांगितलंच असन. पण वांग्याच्या मुळात जे हाय ते माह्या वाफ्यात बी हाय. ते माह्याकडूनच आलं असं मी धरते. म्हणून आली. तुमी मले बोलल्या त त्यात खोटं काही नव्हतं.’

सासूबाईंनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, ‘मी त वाट पाहून राहिली होती का तुमी मले झाडान. पेरूची कलमं म्या पसंत केली होती, ईनबाई. म्या सोता ट्रकमंधून उतरवून घेतली. कोणाच्या मातीनं काय खाल्लं, आता मी कोन्या तोंडानं बोलू?’

‘बोलू नका. फकत पोरीले माहेरी धाडा. तिले कावून अडवता?’

‘म्या?’ सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला. ‘म्या कधी अडवलं? दिवाळीले म्याच म्हटलं, जाय. सांग व तू, अडवलं का म्या?’

सगळ्या ताईकडे वळलो. मी तिला चांगलं ओळखते असं मला वाटायचं. दोघी एका पांघरुणात वाढलो, तिच्या पोटातलं मला आधी कळायचं. आणि मी तिच्या बागेत गुडघ्यावर बसून मुळं खणत होते तेव्हा ती माझ्याशेजारी उभी राहून काय गिळत होती, ते मला कळलं नव्हतं.

‘माती त म्याच आणली होती,’ ताई म्हणाली. ‘दर खेपेले मीच आणत होती. झाड वाळलं का मले वाटे, हे म्या मारलं. आईकडं आली असती त तिनं पुन्हा बांधून देल्ली असती, आन मले नाही म्हणता आलं नसतं. तिले कसं म्हणू, नको तुही माती?’

ती रडली नाही. एखादा हिशेब सांगावा तसं कोरडं बोलली, आणि ते मला रडण्याहून कठीण गेलं. सासूबाई सुपाकडे पाहत होत्या. आई ओसरीची पायरी चढली. त्या दिवसाच्या बोलण्यानंतर त्या घराची पायरी ती पहिल्यांदा चढत होती. तिने ताईचं मनगट धरलं, लहान मुलाचं धरतात तसं घट्ट.

‘तू नाही मागितली, म्या देल्ली,’ ती म्हणाली. ‘ते म्या देल्लं होतं, समजलं? तुह्यं त्यात काहीच नाही.’

तेव्हा कुठे ताईला रडू फुटलं. सासूबाई उठल्या, आत गेल्या, आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आईने उभ्याउभ्याच सगळं पाणी पिऊन टाकलं.